शीरजादची तपासणी

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव गुलबस. आमच्या भागात या नावाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. फुलं पुष्कळ झाली, देवा, आता बस. आधी मी, मग दोघी, आणि मग ती. ती जन्मली तेव्हा आगाजान, म्हणजे आमचे वडील मश्दी शाबान, अंगणात बसले होते. सुईण दारात आली आणि म्हणाली, "बाळंतीण सुखरूप आहे." बाळाबद्दल चकार शब्द नाही. त्यावरून काय ते त्यांना कळलं. ते उठले, रबरी बूट चढवले आणि समुद्रावर निघून गेले. नाव त्यांनी तिकडूनच निरोपाने पाठवलं.

मुलासाठी काढून ठेवलेलं एक नाव त्यांच्याकडे होतं, शीरजाद. ते त्यांनी माझ्या वेळी खिशात ठेवलं, पुढच्या दोघींच्या वेळी ठेवलं, गुलबसच्या वेळी ठेवलं, आणि शेवटी म्हातारपणी एका माशाला दिलं.

आगाजान वाईट माणूस होते असं मी म्हणत नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यांनी आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. फक्त गुलबसशी ते सरळ बोलत नसत. ती समोर बसलेली असली तरी मला म्हणायचे, "तूबा, तिला सांग चहा आण." मी म्हणायची, "आगाजान, तिला कान आहेत." ते म्हणायचे, "मग ऐकलंच असेल तिने." आणि ती उठून चहा आणायची. अशी आमच्या घरातली रीत होती, आणि रीत पडली की माणसाला ती दिसेनाशी होते.

गावाच्या टोकाला, सफीदरूद नदी समुद्राला मिळते तिथून जवळ, स्टर्जन माशांचा फार्म आहे. आम्ही तिघंही तिथेच. आगाजान फाटकावर राखणदार, मी कापणीच्या शेडमध्ये सुरीवर, आणि गुलबस मशीनवर. स्टर्जन म्हणजे कॅव्हियारचा मासा. कॅव्हियार मादीच्या पोटात असतं. नराच्या पोटात काय असतं असं आमच्या मोहन्देसला विचारलं तर तो म्हणेल, "माझा खर्च." मोहन्देस म्हणजे इंजिनियर, फार्मचा मॅनेजर. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीसुद्धा कुणाला आठवत नाही.

आता गंमत अशी की हा मासा बाहेरून बघून नर की मादी काही म्हणजे काही कळत नाही. आकारात फरक नाही, रंगात नाही, वागण्यात नाही. कितीही वर्षं समुद्रावर घालवलेला कोळी असो, तोही सांगू शकत नाही. म्हणून हिवाळ्यात, पाणी गार झालं आणि माशांनी खाणं सोडलं की गुलबसचं मशीन बाहेर निघतं. बाळंतपणाच्या दवाखान्यात पोटावर फिरवतात तेच. खरं तर तिथूनच आलंय ते. रश्त शहरातल्या एका दवाखान्याने जुनं म्हणून काढून टाकलं, तेव्हा गुलबस तिथे त्याच मशीनवर मदतनीस होती. फार्मवाल्यांनी मशीन घेतलं आणि ते चालवणारीलाही उचलून आणलं.

दवाखान्यात ती पडद्याच्या अलीकडे उभी असायची. डॉक्टरीणबाईंनी "मुलगी" म्हटलं की काही सासवांचे चेहरे कसे उतरायचे, ते ती घरी येऊन करून दाखवायची. आम्ही पोट धरून हसायचो. ती स्वतः हसायची नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

फार्मवर सगळं उलटं. ओल्या ताडपत्रीच्या झोळीत मासा उताणा घालून आणायचा, गुलबसने डाव्या बाजूला, पोटाच्या कडेला मशीनचा दांडा टेकवायचा, पडद्यावर बघायचं आणि ओरडायचं. "मुलगी!" म्हटलं की बायका लग्नात करतात तशी जिभेची किलकिल करायच्या, पुरुष "मुबारक, मुबारक" म्हणायचे, आणि हंगामातल्या पहिल्या मुलीला तर सगळ्यांना नोगुल वाटायचे, बदामाच्या पांढऱ्याशुभ्र साखरगोळ्या. "मुलगा" म्हटलं की सगळ्यांची तोंडं पडायची. मुली उजवीकडच्या मोठ्या तलावात जायच्या आणि वर्षानुवर्षं राणीसारख्या राहायच्या. मुलगे डावीकडे, आणि डावीकडून माझ्या टेबलावर.

गुलबस "मुलगी!" जरा जास्तच जोरात ओरडायची. एकदा मी म्हटलं, "अगं, रश्तपर्यंत ऐकू गेलं."

"जाऊ दे," ती म्हणाली. "फाटकापर्यंत गेलं की झालं."

फाटकावर आगाजान रेडिओचा आवाज वाढवायचे.

शीरजाद आमच्याकडे आला तो आई गेली त्या हिवाळ्यात. फीलमाहीचं पिल्लू होतं, म्हणजे हत्तीमासा, स्टर्जनांमधला सगळ्यात दांडगा. पण याची शेपटी जन्मतः वाकडी. निवड करताना असली पिल्लं बादलीत टाकतात आणि बादली मांजरांना. आगाजाननी बादलीत हात घातला आणि त्याला बाहेर काढलं. राखणदाराच्या खोलीमागे एक जुनी सिमेंटची टाकी पडून होती, तिच्यात सोडलं. मोहन्देस म्हणाला, "मश्दी, मरणार आहे ते." आगाजान म्हणाले, "मग मरू दे. माझ्या इथे मरू दे."

तो मेला नाही. आगाजाननी त्याला असं चारलं की काय सांगू. फार्मचं खाणं तर द्यायचेच, वर बंदरावरून छोटी किल्का मासळी आणायचे, खाटकाकडून कोंबडीची कलेजी आणायचे. घरी मटणाचा तुकडा ताटात आला तर अर्धा रुमालात. टाकीच्या कडेला आईची तांब्याची पळी आपटली की तो वाकड्या शेपटीने पाणी कापत यायचा आणि नाक काठावर टेकवून तोंड पुढे काढायचा. आगाजान त्याच्याशी बोलायचे. मी माझ्या कानांनी ऐकलंय. "ये रे पोरा. काल वारा होता, झोप लागली का? तुझी तूबा बघ, तोंड किती चालतं तिचं. ये, खा."

"तुझी तूबा" म्हणायचे. गुलबसचं नाव त्यात नसायचं. ती कधी त्या टाकीकडे फिरकायची नाही. एकदा मी म्हटलं, "चल ना, बघ तर, केवढा झालाय." ती म्हणाली, "मला माहीत आहे केवढा झालाय. घरातलं मटण मीच शिजवते."

एवढी वर्षं त्याला कुणी तपासलं नव्हतं, कारण तो फार्मच्या मोजणीत नव्हताच. तो मुलगा आहे हे आगाजाननी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. आम्हीही सगळे त्याला "तो"च म्हणत आलो.

मग या वर्षी विहिरींचं पाणी खाली गेलं. जे वर येत होतं तेही खारट. मोहन्देसने चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "लहान टाक्या सगळ्या बंद. मधला तलावही बंद. पाणी फक्त मोठ्या तलावाला." मग आगाजानकडे न बघता म्हणाला, "मागची टाकीसुद्धा, मश्दी. उद्या गुलबस खानुम बघतील. मुलगी निघाली तर जबाबदारी माझ्या डोक्यावर, मोठ्या तलावात जागा देतो. मुलगा निघाला तर माझा इलाज नाही."

मोहन्देसला मी दोष देत नाही. वाकड्या शेपटीच्या माशाला जागा देतो म्हणाला, हेच खूप होतं.  आगाजान टोपी काढून तिच्या आत बघत राहिले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलो होतो. माझं घर अंगणाच्या पलीकडे, पण मी संध्याकाळी इथेच असते. आगाजान दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, गेलेही नाहीत.

"काय हवंय, आगाजान?" मी विचारलं.

ते म्हणाले, "गुलबस."

गुलबसच्या हातातली पाकळी खाली पडली. तिच्या नावाने त्यांनी हाक मारलेली मला आठवत नव्हती. तिलाही आठवत नसावी, कारण तिने आधी माझ्याकडे बघितलं.

"उद्या तू त्याला बघणार," आगाजान म्हणाले.

"हो, आगाजान."

"मुलगी असू दे म्हणजे झालं." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "रोज नमाजात तेच मागतोय आता. मुलगी असू दे."

मला राहवलं नाही. माझं तोंड तसं आहेच. मी म्हटलं, "वा, आगाजान! हे मागणं चार बाळंतपणांत एकदाही सुचलं नाही तुम्हाला. आज माशासाठी सुचलं!"

इतर वेळी ते माझ्यावर ओरडले असते. त्या दिवशी त्यांनी ते ऐकलंच नाही. ते आत आले, गुलबससमोर उकिडवे बसले, आणि हळूच म्हणाले, "आणि समज, मुलगी नसली, तरी तू म्हण. मुलगी म्हण. तुझं कोण तपासणार आहे? सगळ्या किनाऱ्यावर तुझा शब्द चालतो."

तुझा शब्द चालतो. हे त्यांना माहीत होतं तर. मला वाटलं होतं, रेडिओमुळे त्यांना काही ऐकू जात नसेल.

गुलबसने लसणाच्या साली एका जागी गोळा केल्या. मग म्हणाली, "मला जे दिसेल ते मी सांगेन, आगाजान."

ते उठले. दाराशी जाऊन म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि गेले. गुलबस त्या रात्री जेवली नाही. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायचं धाडस झालं नाही.

सकाळी सगळे मागच्या टाकीशी जमले. इतर माशांना झोळीत घालायचं म्हणजे चार जणांचं काम, पाणी उडतं, शिव्या उडतात. आगाजाननी काठावर पळी आपटली. शीरजाद आला. त्यांनी त्याच्या नाकावर हात ठेवला आणि त्याला हळूहळू झोळीकडे नेलं, आणि तो मुकाट गेला. उताणा केला तेव्हासुद्धा त्याने अंग झाडलं नाही. आगाजाननी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. पोट केवढं होतं त्याचं! पांढरंशुभ्र, गुबगुबीत. फार्मवरच्या एका तरी माशाचं असं पोट असेल तर शपथ.

गुलबसने दांडा टेकवला.

एरवी ती बघता बघता सांगते. घोटभर चहा पिऊन कप खाली ठेवेपर्यंत तिचं झालेलं असतं. मी तिच्या पाठीमागे उभी होते. इतक्या वर्षांत मलाही थोडं कळायला लागलंय. मुलीचं चित्र दाणेदार असतं, ढगाळ. मुलाचं गुळगुळीत, कडेला पांढरी रेघ. पण या पडद्यावर मला नुसतं धुकं दिसत होतं. गुलबसने दांडा वर सरकवला, खाली आणला, पुन्हा वर नेला. तिच्या कपाळावर घाम आला, आणि हवा तर अशी होती की बोटं बधिर व्हावीत.

"खानुम, रांग लागलीय," मोहन्देस म्हणाला. घाई करत नव्हता, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

मी तिच्या कानाशी वाकले. "कळत नाही म्हण. पुन्हा बघू म्हण."

"कुठे ठेवून बघू?" ती म्हणाली. एरवी न कळलेले मासे मधल्या तलावात ठेवत. मधला तलाव आदल्या दिवशीच कोरडा केला होता.

आगाजाननी मान वर केली. तिच्याकडे बघितलं. असं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. ओठ हलले त्यांचे, आवाज आला नाही, पण शब्द सगळ्यांना कळला. मुलगी.

गुलबसने डोळे पडद्यावरून काढले नाहीत. ती नंतर मला म्हणाली की त्या क्षणी तिला पडद्यावर मुलगी दिसत होती. अगदी स्पष्ट दाणे दिसत होते. आणि म्हणूनच ती घाबरली. आगाजाननी जन्मात पहिल्यांदा काही मागितलंय, ते द्यायला आपण इतक्या उतावीळ झालोय, की डोळेच खोटं बोलायला लागलेत, असं तिला वाटलं. तिने डोळे मिटले, उघडले, आणि दाणे नव्हते. गुळगुळीत राखाडी होतं. तेच खरं, असं तिने धरलं.

"मुलगा," ती म्हणाली.

ओरडली नाही. पण सगळे इतके गप्प होते की ते फाटकापर्यंत गेलं असतं. कुणी तोंड पाडलं नाही, कुणी हललं नाही. आगाजाननी शीरजादच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मी तर पहिल्यापासून सांगत होतो, मुलगा आहे म्हणून."

मग त्यांनी माझ्याकडे लाकडी हातोडा मागितला. मी म्हटलं, "आगाजान, तुम्ही नका. तुम्ही घरी जा." ते म्हणाले, "परक्याचा हात लागला तर तो घाबरेल." तरुणपणी समुद्रावर हातोडा त्यांच्याच हातात असायचा. एका घावात, मासा ज्या कुशीवर असेल त्या कुशीवर शांत व्हायचा, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी त्याला टाकीत परत सोडलं. थोडा वेळ पोहू दिलं. मग पळी आपटली. तो आला. नाक काठावर टेकवून तोंड पुढे काढलं.

पुढचं मी सांगत नाही. ख्याती खरी होती, एवढंच सांगते.

माझ्या टेबलावर आजवर किती मासे आले असतील, त्यांचं मला काही वाटत नाही. माझं कामच ते. त्या दिवशी मात्र सुरीला तीनदा धार लावली, उगाच. आगाजान शेडबाहेर पायरीवर पाठ करून बसले होते. मोहन्देसने इतरांना दुसरीकडे नेलं होतं. गुलबस पुढच्या शेडमध्ये रांग संपवत होती. तिचा आवाज येत होता. "मुलगा. मुलगा. मुलगी." तिन्ही एकाच सुरात.

मी पोट उघडलं. आधी चरबी. नुसती चरबी, पिवळट पांढरी, चार बोटं जाड. मी ती बाजूला केली, आणि तिच्याखाली हात थांबला.

दाणे होते. अजून काळे झाले नव्हते, खसखशीएवढे, फिकट, पण दोन्ही बाजूंना, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एकाला एक चिकटलेले, नीटनेटके. एक-दोन वर्षांत मोठे झाले असते.

ती मुलगी होती.

 मनात पहिला विचार आला तो लपवण्याचा. बादली पुढे ओढली. पण मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे. आगाजानना सुरीचा आवाज थांबलेला ऐकू आला असावा. ते माझ्या मागे येऊन उभे होते.

त्यांना सांगावं लागलं नाही. आयुष्य त्यात गेलेलं. त्यांनी बोटाने एक दाणा उचलला, उजेडात धरला, पुन्हा जागच्या जागी ठेवला. मग अंगठा चरबीत रुतवून बघितला. पार पेरापर्यंत गेला.

"केवढी ही चरबी," ते म्हणाले. "हिच्यातून त्या पोरीला दिसणार कसं? मीच चारली सगळी. मीच."

"आगाजान..."

"इतकी वर्षं पोरा, पोरा म्हणून हाक मारली." ते माशाच्या डोळ्यांकडे बघत होते. "आणि ही येत राहिली. हाक चुकीची होती तरी येत राहिली."

मी रडायला लागले. मला रडता येत नाही, माझा आवाज फार मोठा होतो. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला किल्का मासळीचा वास होता.

"गप्प. तिला ऐकू जाईल." मग डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "गुलबसला सांगायचं नाही. कधीच नाही. कळलं? मुलगा होता. तिचं बरोबर होतं."

"पण आगाजान, ती विचारेल..."

"मुलगा होता, तूबा."

त्यांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, आणि ते दाणे, त्यांच्या पडद्यांसकट, दोन्ही हातांनी उचलून तिच्यात घेतले. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा पेला विसळला नव्हता, त्याने माझं टेबल धुतलं. पाट्यांच्या फटीत एक दाणा अडकला होता, तो सुरीच्या टोकाने काढला. मग टोपी कोटाखाली धरून ते मागच्या वाटेने नदीकडे गेले. परत आले तेव्हा टोपी ओली होती आणि ती त्यांनी तशीच डोक्यावर घातली.

तिथून ते सरळ पुढच्या शेडमध्ये गेले. मी दारातून बघत होते. गुलबस मशीन पुसत होती. सगळे कामगार होते, मोहन्देस होता. आगाजान तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "तूबाने उघडला. मुलगाच निघाला. माझी गुलबस चुकत नाही."

आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. रुमालावरून एकदा मागे फिरवला आणि काढून घेतला. गुलबस तशीच उभी राहिली, हातात फडकं धरून.

मोहन्देस म्हणाला, "मश्दी, लेक हिरा आहे तुमची." आगाजान म्हणाले, "माहीत आहे मला," आणि फाटकाकडे गेले. त्या दिवशी रेडिओ लागला नाही.

मला वाटलं, चला, एवढं तरी झालं. खोटं बोलून का होईना, म्हाताऱ्याने तिला तिचं देणं दिलं. जे मुलीच्या जन्माला द्यायचं ते मुलीच्या मरणाला दिलं. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या पायाशी बसावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळी गुलबसने भात चढवला. मी आदल्या दिवशीचाच लसूण पुढे घेतला. आगाजान पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. गुलबस चुलीशी पाठमोरी उभी होती.

"तूबा जान, आत काय होतं?" तिने विचारलं.

"कशाच्या आत?"

"तुला माहीत आहे कशाच्या."

"काय असणार? मुलगाच. तूच तर सांगितलंस." मी लसणाकडे बघत म्हटलं. आवाज बरा लागला होता. "आगाजान सगळ्यांसमोर बोलले ना? मग झालं. आता उकरून काढू नकोस."

"हो, बोलले," ती म्हणाली. "माझी गुलबस म्हणाले."

"मग? चांगलंच झालं की!"

ती वळली. मला वाटलं होतं ती रडत असेल. रडत नव्हती. दवाखान्यातून येऊन सासवांचे चेहरे करून दाखवायची तेव्हा तिचा स्वतःचा चेहरा जसा असायचा, तसाच होता.

"माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी," ती म्हणाली. "टोपी ओली होती, तिचं पाणी माझ्या कपाळावर पडलं. तूबा, मी खरंच त्यांचा मुलगा मारायला लावला असता, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला असता?"

भात उतू जायला लागला होता. मी उठले नाही, तीही हलली नाही. पलीकडच्या खोलीतून आगाजाननी हाक मारली, "गुलबस, चहा आणतेस का?" आणि ती, इतकी वर्षं त्या हाकेची वाट बघणारी माझी बहीण, रुमालाच्या टोकाने तोंड दाबून खाली बसली.